डबे माळ्यावरून खाली उतरवा

प्रति,
मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांची आणि दिग्दर्शकांची मुलं, मुली, सुना, जावई आणि नातवंडं यांस,



तुमच्यापैकी बहुतेकांची आणि माझी ओळख नाही. काहींशी फोनवर बोलणं झालं आहे. फिल्म सोसायटीत काम करणाऱ्याला एखादा जुना चित्रपट दाखवायचा असला की दोन गोष्टी शोधाव्या लागतात. राइट्स कुणाकडे आहेत, आणि प्रिंट कुठे आहे. पहिल्याचा माग कधी ना कधी लागतो. घरातलं कुणीतरी एक कागद काढतं, कुणाला तरी आठवतं की अमुक वर्षी अमुक वाहिनीशी करार झाला होता. दुसऱ्याचं उत्तर मात्र ठरलेलं असतं. ‘डबे होते घरी, रंगकाम काढलं तेव्हा कुठे ठेवले बघायला हवं.’ किंवा ‘लॅबमध्येच असतील.’ किंवा ‘यूट्यूबवर आहे की!’ या तिसऱ्या उत्तरापुढे बोलणं सरकत नाही. फोनवर जे सांगायचं राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

मागणं एकच आहे. चित्रपटाचं जे काही साहित्य तुमच्या ताब्यात आहे, म्हणजे निगेटिव्ह, साउंड निगेटिव्ह, प्रिंट, सुटी रिळं, ते चित्रपटांसाठी बांधलेल्या थंड आणि कोरड्या साठवणगृहात ठेवायला द्या. पुढच्या पावसाळ्याआधी द्या. चित्रपटाचे हक्क तुमचेच राहू देत. भावाभावांत वाटणीचा वाद चालू असेल तर तोही चालू राहू दे. पण डबे घरातून हलवा.

सगळ्यांनाच हे लिहितो आहे, तरी सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ज्यांच्या घरातून वेगळ्या वाटेचे मराठी चित्रपट निघाले त्यांना विशेष आग्रहानं. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केला. मग जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आला आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत उतरला. ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’, अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’, १९८२चा ‘उंबरठा’. नाटक, कादंबरी, वर्तमानपत्र, चळवळ या सगळ्यांशी चित्रपट बोलत होता असा तो काळ. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘आक्रीत’ आणि ‘उंबरठा’ या चारही पटकथांवर विजय तेंडुलकरांचं नाव आहे. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, गो. नी. दांडेकरांची ठाकरवाडी, शांता निसळांची ‘बेघर’ हे सगळं त्या दहाबारा वर्षांत पडद्यावर आलं. यांच्या आजूबाजूला आणखी कितीतरी चित्रपट झाले, जे एखाद्या आठवड्यात उतरले, एखाद्या पुरस्काराच्या यादीत राहिले आणि मग दिसेनासे झाले. या न दिसणाऱ्या चित्रपटांची काळजी मला जास्त वाटते. नावाजलेल्या चित्रपटाची विचारपूस करायला कुणीतरी असतं. जो चित्रपट तुमच्या घराबाहेर कुणाला आठवतही नाही, त्याला तुमच्याशिवाय कुणी नाही.

त्या डब्यांबद्दल तुमच्या मनात माया असेलच असं मी धरून चाललेलो नाही. अशा चित्रपटांनी घरं पोसली नाहीत. आईचे दागिने गेले, गावाकडची जमीन गेली, वितरकानं हिशेब दिला नाही, वडील पुढची दहा वर्षं हप्ते फेडत राहिले, या हकीकती मी पुष्कळ ऐकल्या आहेत. लहानपणी ज्या मुलानं दारात उभे राहिलेले सावकार पाहिले, त्यानं मोठं झाल्यावर त्या गंजक्या डब्यांकडे प्रेमानं पाहावं असं कुणी कसं म्हणेल? एका बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, की तो चित्रपट आमच्या घरात कुणी पाहत नाही आणि त्याचं नावही काढत नाही. मला त्यांचं पटलं. म्हणूनच वारशाचा अभिमान, मराठी अस्मिता असल्या शब्दांनी तुम्हाला काही पटवायचं माझ्या मनात नाही. एवढंच म्हणतो, की तुमच्या घरानं त्या चित्रपटाची किंमत पूर्ण मोजली आहे. इतकी किंमत मोजून झालेली वस्तू माळ्यावरच्या उकाड्यानं संपावी, हा त्या घरावर दुसरा अन्याय होईल.

आता डब्यात काय चाललं आहे ते सांगतो, कारण झाकण लावलेलं असलं की आत सगळं जागच्या जागी आहे असं आपण समजतो.

साधारण १९५०पर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. त्यानंतरची, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातली निगेटिव्हं, ॲसिटेटची आहेत. ॲसिटेट सहज पेटत नाही, पण उष्णता आणि दमट हवा मिळाली की ते विघटित होऊ लागतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरचा आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो तो याचाच. हे आम्ल बंद डब्यात कोंडलं की विघटनाचा वेग आणखी वाढवतं, आणि शेजारच्या चांगल्या डब्यालाही लागण करतं. फिल्म आक्रसते, वाकते, ठिसूळ होते, शेवटी चित्राचा थर पट्टीपासून सुटून येतो. त्यानंतर तिच्यातून चित्र काढणं जवळजवळ अशक्य. रंगीत फिल्मचं आणखी एक दुखणं आहे. तिच्यातले रंग सारख्या वेगानं उडत नाहीत. निळसर आणि पिवळा आधी जातो आणि गुलाबी मागे उरतो. जुन्या रंगीत प्रिंटमध्ये रान, आभाळ, माणसाचा चेहरा सगळं एकाच गुलाबी धुरात बुडालेलं दिसतं ते यामुळे. मुंबई, कोकण आणि गोव्यातली हवा वर्षातले निदान चार महिने या सगळ्याला खतपाणी घालते. पत्र्याच्या छपराखालचा माळा किंवा गच्चीवरची खोली असेल तर उन्हाळाही तेच काम करतो.

यावर उपाय नाही, फक्त वेग कमी करता येतो. थंडावा आणि कोरडेपणा जितका जास्त, तितकं विघटन सावकाश. घरच्या एसीनं हे जमत नाही, कारण तो रात्री लागतो आणि सकाळी बंद होतो, आणि तापमानाचं हे रोजचं वरखाली होणं फिल्मला उलट अधिक त्रासाचं.

‘लॅबमध्येच असतील’ असं ज्यांना वाटतं, त्यांना माझी विनंती अधिक तातडीची आहे. पूर्वी निगेटिव्ह लॅबमध्ये ठेवण्याची रीत होती. प्रिंटा तिथेच निघायच्या, तेव्हा निगेटिव्हही तिथेच. साधारण २०१२ ते २०१४च्या दरम्यान आपली चित्रपटगृहं डिजिटल झाली, प्रिंटा काढणं थांबलं आणि लॅबचा धंदाच बसला. काही बंद झाल्या, काहींच्या जागा विकल्या गेल्या. निगेटिव्हं घेऊन जा म्हणून निर्मात्यांना पत्रं गेली ती बहुधा जुन्या पत्त्यांवर, गेलेल्या माणसांच्या नावानं. तुमच्या वडिलांच्या कागदांत लॅबची एखादी पावती असेल तर ती आजच काढा. तिच्यावर निगेटिव्हचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाशिवाय हजारो डब्यांतून तुमचे डबे कुणाला सापडायचे नाहीत.

यूट्यूबबद्दल. तिथे जी प्रत दिसते ती बहुतेक वेळा नव्वदच्या दशकात दूरदर्शन किंवा व्हीसीडीसाठी एखाद्या झिजलेल्या प्रिंटवरून उतरवलेली असते. तेव्हाच्या टीव्हीच्या चौकोनात बसावी म्हणून चित्राच्या कडा कापलेल्या असतात. कुणीतरी वेळ वाचवायला एखादं रीळ गाळलेलं असतं. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह. कृष्णधवल चित्रपटाचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं. अंधाऱ्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाचा अर्धा चेहरा प्रकाशात आणि अर्धा काळोखात ठेवायला छायालेखकानं दिवस घालवलेला असतो. या प्रतीत तो सगळा काळोख एक सपाट काळा डाग होतो. निळू फुले आणि श्रीराम लागू एकमेकांसमोर बसले आहेत, बोलत नाहीत, फक्त पाहत आहेत, अशा क्षणी त्या प्रतीत डोळेच दिसत नसतील तर ‘सामना’मधला सामना कुठे उरला? पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये यापेक्षा कितीतरी पट जास्त माहिती असते, आणि ती बाहेर काढणारे स्कॅनर आज पुण्यात, मुंबईत, चेन्नईत आहेत. यूट्यूबवरच्या प्रतीला मी नावं ठेवत नाही. तीसुद्धा नसती तर तरुण मुलांनी हे चित्रपट पाहिलेच नसते. पण तिच्या भरवशावर डबे टाकून देणं म्हणजे घराचा फोटो आहे म्हणून घर पाडण्यासारखं आहे.

‘घाशीराम कोतवाल’ची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगतो, कारण मला ती फार लागते. तेंडुलकरांच्या नाटकावरून १९७६ साली हा चित्रपट झाला. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह या नावानं एकत्र आलेल्या तरुण मंडळींनी तो केला, त्यांतले बरेच पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकतेच बाहेर पडलेले. मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा अशी चार नावं दिग्दर्शनाला. नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी, संगीत भास्कर चंदावरकरांचं. पुण्याबद्दलचा, पुण्यात रुजलेला, मराठी रंगभूमीच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगाशी नातं सांगणारा हा चित्रपट पुढे मराठी माणसाला बघायला मिळेनासा झाला. त्याची एक प्रत बर्लिनला गेली होती, ती तिथल्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात राहिली. गेल्या दशकात त्या संस्थेनं आपल्या संग्रहातल्या चित्रपटांवर नव्यानं काम सुरू केलं, तेव्हा त्या प्रतीवरून त्याचं डिजिटल रूप तयार झालं आणि डीव्हीडी निघाली. पेशवाईतल्या पुण्याचा चित्रपट जर्मनीतल्या एका कपाटानं वाचवला. आर्सेनलचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण प्रत्येक मराठी चित्रपटाची प्रत काही बर्लिनला गेलेली नाही.

जगात असे योग येतात, हे खरं. कार्ल ड्रायरचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ १९२८चा. त्याचं मूळ रूप हरवलं असंच सगळे समजत होते, आणि १९८१ साली नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात त्याची प्रत निघाली. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चे हरवलेले भाग २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये सापडले. या गोष्टी ऐकून आपल्याला वाटतं, की आपलाही कुठेतरी सापडेल. सापडत नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूक ‘सावकारी पाश’ गेला तो गेलाच. शेतकऱ्याच्या जमिनीवर सावकाराची पकड कशी बसते, हे इतक्या आधी वास्तव शैलीत दाखवणारा चित्रपट कोल्हापुरात झाला, त्यात तरुण व्ही. शांताराम होते, आणि आज आपल्याकडे त्याबद्दलची वर्णनं आहेत. आवाजासह १९३६ साली तो पुन्हा केला गेला, पण तो दुसरा चित्रपट. मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराच्या वर चित्रपट झाले, त्यांतले पूर्ण टिकलेले अगदी थोडे. काही आगीत गेले. काही त्यातली चांदी काढण्यासाठी विकले गेले, कारण कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते आणि भंगारवाल्याला ते ठाऊक होतं. बाकीचे असेच कुणाच्या तरी खोलीत, कुणीतरी नंतर बघू म्हणून, संपले.

याच्या उलट जिथे घरच्यांनी वस्तू हातात ठेवली आणि योग्य माणसाला दिली, तिथे काय झालं ते पाहा. पी. के. नायर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होते. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था नावारूपाला आणली ती त्यांनी. निवृत्त होईपर्यंत बारा हजारांच्या आसपास चित्रपट त्यांनी गोळा केले. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचं जे काही आज आपण पाहतो, त्यातला मोठा भाग फाळके कुटुंबीयांनी सांभाळून त्यांच्या स्वाधीन केला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. सुट्या तुकड्यांतून नायरांनी ‘कालिया मर्दन’ पुन्हा जुळवला. फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन पडद्यावर हसते, रुसते, ते आपण पाहू शकतो. फाळक्यांच्या घरानेही चित्रपटापायी काय सोसलं होतं, हे तुम्ही जाणता.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की आमचे डबे उघडून पाहिले, निम्मे खराब झालेत, आता काय उपयोग. अशांनी सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीकडे पाहावं. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ यांची मूळ निगेटिव्हं १९९३ साली लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत सापडली. जळून, वितळून एकमेकांना चिकटलेली रिळं कुणीही फेकून दिली असती. अमेरिकेतल्या चित्रपट ॲकॅडमीच्या संग्रहालयानं ती तशीच जपून ठेवली. वीस वर्षांनी इटलीत बोलोन्या इथल्या प्रयोगशाळेत ती ओलावा देऊन पुन्हा लवचिक केली गेली, तुटलेली भोकं एकेक करून हातानं दुरुस्त झाली, आणि ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा सुमारे चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग वापरता आला. उरलेल्यासाठी दुसरीकडच्या प्रती जोडल्या. १९९३ साली हे तंत्र नव्हतंच. म्हणून खराब रीळ, वाकलेलं रीळ, अर्धं रीळ, सगळं द्या. काय वाचेल हे आज तुम्ही किंवा मी ठरवू नये.

नुसती साउंड निगेटिव्ह असली तरी द्या. नुसती प्रिंट असली तरी द्या. चित्राची निगेटिव्ह आणि आवाजाची निगेटिव्ह या वेगळ्या असतात आणि अनेकदा वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या असतात, हे घरच्यांना माहीत नसतं. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चं उदाहरण घ्या. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा १९७६चा चित्रपट, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो पुन्हा उभा केला तेव्हा चित्र पुण्यातल्या संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं, आणि आवाज घेतला तो एका प्रिंटवरून. दोन वेगळ्या ठिकाणी टिकलेल्या दोन वस्तूंनी मिळून एक चित्रपट पूर्ण झाला. २०२४च्या मे महिन्यात तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये देशातल्या अनेक शहरांत चित्रपटगृहांत लागला. बेनेगल त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेले. त्याआधी छायालेखक गोविंद निहलानींसोबत त्यांनी स्वतः या कामावर देखरेख केली होती. रंग कसा हवा, सावली किती गडद हवी, हे सांगायला दिग्दर्शक आणि छायालेखक हयात असणं हे केवढं भाग्य! तुमच्या चित्रपटाचे छायालेखक आज सत्तरी-ऐंशीत असतील. उशीर म्हणजे त्यांच्या आठवणीलाही मुकणं आहे.

केरळात जी. अरविंदन यांच्या ‘कुम्माट्टी’ची मूळ निगेटिव्ह उरलीच नव्हती. पुण्याच्या संग्रहालयात प्रिंटा होत्या, म्हणून २०२१ साली तो चित्रपट नव्यानं जगासमोर आला. तिथे कुणीतरी कधीकाळी प्रिंटा जमा केल्या होत्या, इतकीच ती गोष्ट. मराठीत असं काहीच होत नाही असं नाही. १९५३च्या ‘श्यामची आई’ची पुनर्संचयित प्रत २०२३ साली गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात दाखवली गेली. पण मराठीतल्या सत्तर-ऐंशीच्या त्या दोन दशकांच्या मानानं हे फार थोडं आहे, आणि ते वाढायचं तर आधी साहित्य हाताशी हवं. जे साठवणगृहात आलेलंच नाही, त्याचं कुणी काय करणार?

हक्कांविषयी थोडं नीट बोलू, कारण तुमचा हात बहुतेक तिथेच अडतो. निगेटिव्ह दिली म्हणजे चित्रपट दिला, अशी भीती मी पुष्कळदा ऐकतो. तसं नाही. फिल्मची पट्टी ही एक मालमत्ता आणि चित्रपटाचा कॉपीराइट ही दुसरी. ठेव म्हणून साहित्य देताना लेखी करार करता येतो, की मालकी आणि हक्क आमचेच, तुम्ही फक्त सांभाळायचं, आणि परवानगीशिवाय व्यावसायिक वापर करायचा नाही. करार वाचून, वकिलाला दाखवून सही करा. घाईनं कशावरही सही करू नका, हे मी तुमच्या बाजूनं सांगतो आहे.

आणि हक्कांनाही मुदत असते. आपल्या कायद्यानं चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९७७ सालच्या चित्रपटाचा कॉपीराइट २०३७ संपेपर्यंत. त्यानंतर तो कुणालाही दाखवता येईल. भावंडांचा वाद, वाहिनीशी झालेला गोंधळाचा करार, ‘निगेटिव्ह राइट्स’ कुणा फायनान्सरकडे गहाण पडलेले, हे सगळे प्रश्न कॅलेंडर आपोआप सोडवणार आहे. डब्यातल्या ॲसिटेटला मात्र हे कॅलेंडर माहीत नाही. हक्कांचा निकाल लागेपर्यंत थांबू म्हणणाऱ्या घरांत निकाल लागेल तेव्हा हक्क असतील आणि चित्रपट नसेल. उलट आज साहित्य सुरक्षित झालं, चांगली प्रत निघाली, तर उरलेल्या वर्षांत महोत्सव, वाहिन्या, ओटीटी यांच्याकडून चार पैसेही तुमच्या घरात येऊ शकतात. ज्या चित्रपटानं घेतलंच, त्यानं थोडं परत दिलं तर मला मनापासून आनंद होईल.

संस्थांवर विश्वास बसत नाही, असंही काहींनी बोलून दाखवलं. तो अविश्वास मी झटकून टाकणार नाही. २००३च्या जानेवारीत पुण्यातच संग्रहालयाच्या ताब्यातली नायट्रेटची रिळं आगीत गेली, आणि त्यांत आपल्या सुरुवातीच्या काळातलं कायमचं गेलेलं पुष्कळ होतं. २०२२ साली संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, तेव्हा अनेक चित्रपटकर्त्यांनी उघडपणे चिंता व्यक्त केली होती. मीही त्यांच्यातलाच. अशा संस्थेला प्रश्न विचारत राहणं हे आपलं काम आहे: डबे कोणत्या तापमानाला आहेत, शेवटची तपासणी कधी झाली, यादी कुठे पाहायला मिळेल. पण ठेवणारा प्रश्न विचारू शकतो. ज्यानं काही ठेवलंच नाही, त्याचा आवाज त्या खोलीत नसतो. सरकारी संस्था नको वाटत असेल तर फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. जमलं तर निगेटिव्ह एकीकडे आणि प्रिंट दुसरीकडे ठेवा. एकच आग दोन्ही नेणार नाही.

आता डबे खाली काढताना घ्यायची काळजी. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. व्हिनेगरचा वास येणारे डबे वेगळे काढा, बाकीच्यांपासून लांब ठेवा. जुन्या डब्यावर किंवा पट्टीच्या सुरुवातीला हातानं काही लिहिलेलं असेल तर त्याचे फोटो काढा, ते पुसू नका. गंजलेलं झाकण हातोडीनं उघडू नका. कुणाकडे जुना प्रोजेक्टर आहे म्हणून रीळ चालवून बघण्याचा मोह कृपा करून टाळा, आक्रसलेली फिल्म दातऱ्यांवर फाटते. एक हजार फुटांच्या रिळात साधारण अकरा मिनिटं असतात. दोन तासांच्या चित्रपटाची अकरा-बारा रिळं तरी हवीत. मोजा, आणि कमी भरली तर कोणता क्रमांक नाही ते लिहून ठेवा. चित्रपट १९५०च्या आधीचा असेल तर डब्यांना हात लावण्याआधी संग्रहालयाला कळवा. नायट्रेट कुरियरनं पाठवायची वस्तू नाही.

डब्यांसोबत कागदही द्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, त्यावर चित्रपटाची लांबी असते आणि काय कापलं गेलं तेही असतं. संवादाची वही, गाण्यांची पुस्तिका, चित्रीकरणाचे फोटो, पोस्टर, वितरकांशी झालेला पत्रव्यवहार. आणि खर्चाची चोपडी. त्या दशकात जिल्ह्याच्या गावातल्या माणसानं चित्रपट कसा उभा केला, कुणाकडून किती घेतलं, कॅमेऱ्याचं भाडं काय दिलं, जेवणाचा खर्च किती आला, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही. अभ्यासकांना त्या चोपडीतून जे कळेल ते कुठल्या मुलाखतीतून कळणार नाही. ती रद्दीत घालू नका.

तरुण वारसांना, आणि जे स्वतःच आज चित्रपट करत आहेत त्यांनाही दोन शब्द. ‘कोर्ट’ला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला, ‘साबर बोंडं’ला २०२५ साली सनडान्स महोत्सवाच्या जागतिक चित्रपट विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आपली भाषा पुन्हा जगाच्या पडद्यावर आहे. हे चित्रपट डिजिटल आहेत म्हणून ते टिकतील, असं समजू नका. हार्ड डिस्क कपाटात ठेवली तरी काही वर्षांत बंद पडू शकते. चित्रपटगृहाला पाठवलेली कुलूपबंद डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, किल्लीशिवाय उघडत नाही आणि किल्लीची तारीख संपलेली असते. कुलूप नसलेली मूळ प्रत, साठवणीच्या एलटीओ टेपवर एक नक्कल, दोन वेगळ्या गावांत, आणि दर काही वर्षांनी नव्या टेपवर उतरवणं, एवढं आजच ठरवा. निर्मितीच्या अंदाजपत्रकातच याची एक ओळ घाला.

शेवटी एक कामाची गोष्ट. बहुतेक घरांत डब्यांचा निर्णय एकट्याला घेता येत नाही. एक भाऊ ठाण्यात, एक न्यू जर्सीत, बहीण नागपूरला. तेव्हा हे पत्र आधी त्यांना पाठवा आणि फक्त साठवणीपुरती संमती मागा. विक्रीबद्दल, वाट्याबद्दल त्यात एक अक्षर लिहू नका, म्हणजे जुनं भांडण उकरलं जाणार नाही. संमतीचं पत्र सगळ्यांच्या सहीनं एका पानात होतं. ते हातात आलं की पुण्याला संग्रहालयात कळवा, किंवा मुंबईला फाउंडेशनला. पुण्यात डबे पोचवायला टेम्पो, उचलायला माणसं आणि यादी करायला हात लागले तर आमच्या फिल्म सोसायटीतली मुलं येतील. त्यांना मी विचारलं आहे, ती तयार आहेत.

आपला,
पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीचा कार्यकर्ता